ऑर्गॅनिक सोलर सेलच्या प्रॅक्टिकलमधला दर बॅचचा शॉर्ट: कुठे शोधायचा, कसा शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. टीई-बीईच्या (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या) मुलांनी दुपारभर खपून आयटीओच्या (इंडियम-टिन ऑक्साइड, वीज वाहणारा पारदर्शक थर) काचेवर सेल बनवलेला असतो. जिगमध्ये (सेल धरून पिनांनी जोडणारा साचा) बसवून उणे एक ते अधिक एक व्होल्टचा स्वीप मारला की डायोडचा वळलेला कर्व्ह यायच्या ऐवजी शून्यातून जाणारी सरळ रेघ येते. दिवा लावा, दिवा बंद करा, रेघ जागची हलत नाही. ‘सर, शॉर्ट आहे.’ पुढचा ग्रुप, तेच. मग नवी काच, तीच रेसिपी, पुन्हा शॉर्ट. सेमिस्टर संपेपर्यंत निम्म्या जर्नलमधले ग्राफ मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेले असतात आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

इथे गृहीत धरलेली रचना नेहमीचीच. काचेवर आयटीओ, त्यावर सुमारे ४० नॅनोमीटरचा पेडॉट-पीएसएसचा (वाहक पॉलिमरचा) थर, त्यावर पी३एचटी (उजेड शोषणारा पॉलिमर) आणि पीसीबीएमचं (त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या फुलरीनचं) दीडशे-दोनशे नॅनोमीटरचं मिश्रण, आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियम. जिथे व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर (निर्वातात धातूची वाफ करून थर चढवणारं यंत्र) नाही तिथे ॲल्युमिनियमच्या जागी गॅलियम-इंडियमचा थेंब. ग्लोव्ह बॉक्स नाही, क्लीन रूम नाही, डोक्यावर पंखा आहे. अशा ठिकाणी एक टक्का कार्यक्षमता मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नका. १९८६ साली कोडॅकच्या चिंग टँग यांनी दोन थरांचा ऑर्गॅनिक सेल प्रसिद्ध केला, तोही एक टक्क्याच्या आसपासच होता. पण अंधारात डायोड आणि उजेडात अर्धा व्होल्ट, एवढं दिसायलाच हवं.

माझं म्हणणं एकच आहे: शॉर्ट आला की नवी काच घेऊ नका, आधी त्या शॉर्टचा रेझिस्टन्स लिहा. ‘शॉर्ट’ या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड येतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. तो आकडा न बघता रेसिपी बदलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

रेघेचा उतार काय सांगतो

०.१ व्होल्टला किती करंट गेला ते बघा आणि भागाकार करा. मग आयटीओच्या पट्टीचा रेझिस्टन्स हिशेबाने काढा. बाजारात मिळणारी आयटीओची काच साधारण १० ते १५ ओहम प्रति चौकोन (चौकोन किती ते म्हणजे पट्टीची लांबी भागिले रुंदी) असते. पट्टी ३ मिलिमीटर रुंद आणि पिनपासून पिक्सेलपर्यंत (काचेवरच्या एकेका छोट्या सेलपर्यंत) १२ मिलिमीटर लांब असेल तर ते झाले चार चौकोन, म्हणजे १५ च्या काचेला ६० ओहम. शॉर्ट कितीही पक्का असला तरी करंटला या पट्टीतून जावंच लागतं.

म्हणून मोजलेला आकडा ६०-८० ओहम असेल तर वरचा धातू थेट आयटीओला टेकलाय. मधल्या थरांचा काही संबंधच राहिलेला नाही. आकडा काही शे ते काही हजार ओहम असेल तर थर आहे, पण त्यात कुठेतरी गळती आहे. आणि आकडा दोन-पाच ओहम आला तर? मग करंट आयटीओतून जातच नाहीये. जिग शॉर्ट आहे, वायर एकमेकींना टेकल्यात, किंवा दोन्ही पिना एकाच ॲल्युमिनियमच्या पॅडवर बसल्यात. सेलमध्ये शोधत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

याची खात्री म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच एक काच मुद्दाम बिनथराची करून ठेवा: आयटीओ आणि थेट त्यावर ॲल्युमिनियम. तिचा आकडा मार्करने जिगवर लिहून टाका. पुढे सहा महिने मुलं प्रत्येक संशयित पिक्सेलची तुलना त्याच आकड्याशी करतील.

दुसरी सवय म्हणजे नकाशा. एका काचेवर चार किंवा सहा पिक्सेल असतात. कुठला चालला, कुठला गेला ते वहीत चौकोन काढून भरायला लावा. सगळेच गेले तर चूक पद्धतीत आहे. दर काचेवर तोच कोपरा जात असेल तर चिमटा तिथे धरला जातोय किंवा तिथलं एचिंग (नको असलेला आयटीओ ॲसिडने काढणं) कच्चं आहे. कुठलाही कधीही जात असेल तर धूळ.

धुळीची आणखी एक परीक्षा आहे, आणि ती इंजिनिअरिंगच्या मुलांना आवडते कारण त्यात हिशेब आहे. एकाच काचेवर लहान-मोठे पिक्सेल ठेवा. समजा २ चौरस मिलिमीटरचे ८० टक्के पिक्सेल चांगले निघाले. दोष काचेवर कसेही विखुरलेले असतील तर ४ चौरस मिलिमीटरचे ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के चांगले निघायला हवेत, आणि ९ चौरस मिलिमीटरचे जेमतेम ३७ टक्के. यील्ड (चांगल्या पिक्सेलचं प्रमाण) क्षेत्रफळाबरोबर असं घसरत असेल तर धूळ किंवा पिनहोल (थरातलं बारीक भोक). क्षेत्रफळाशी काही देणंघेणं नसेल, लहान पिक्सेलही तितकेच जात असतील, तर दोष कडेला आहे किंवा पिनेखाली. एका बॅचच्या आकड्यांवर हे ठरणार नाही, तीन-चार बॅचचे आकडे एकत्र करा.

जिग

यावर फार वेळ घालवू नका, पण वगळूही नका. जिगमध्ये कोरी काच लावा: ओपन दिसलं पाहिजे. मग पिनांच्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, मग साधा १एन४१४८ डायोड. तिन्ही बरोबर आले तर जिग आणि सोर्स मीटर (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) ठीक आहेत. जुन्या जिगवर सिल्व्हर पेस्टचे ओघळ किंवा सोल्डरच्या फ्लक्सचा थर असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश, पाच मिनिटांचं काम.

पिनांबद्दल मात्र एक गोष्ट नीट बघा, कारण निम्म्याहून जास्त ‘सगळे पिक्सेल शॉर्ट’ इथेच असतात. ॲल्युमिनियमच्या ज्या पॅडवर स्प्रिंगची पिन बसते, त्याच्या खाली आयटीओ आहे का? असेल तर खेळ संपला. शंभर नॅनोमीटरचं ॲल्युमिनियम आणि त्याखालचा मऊ पॉलिमर पिनेपुढे टिकत नाही. पिन आरपार जाऊन खालच्या आयटीओला टेकते. सेल उत्तम बनलेला असतो, मोजणी त्याला मारते. उपाय म्हणजे मास्कचं (धातू कुठे चढेल ते ठरवणाऱ्या कापलेल्या पत्र्याचं) डिझाइन बदला: ॲल्युमिनियमची पट्टी पिक्सेलवरून पुढे जाऊन काचेच्या आयटीओ काढलेल्या भागावर उतरली पाहिजे आणि पिन तिथे बसली पाहिजे. त्या जागेवरचे ऑर्गॅनिक थर धातू चढवण्याआधीच इअरबडने पुसून घेतले तर कॉन्टॅक्टही चांगला होतो. खाली फक्त काच असेल तर पिनेने कितीही दाबलं तरी बिघडत नाही.

आयटीओचं एचिंग

कॉलेजमध्ये बहुधा सेलोटेपचा नाहीतर नेलपॉलिशचा मास्क, वर झिंकची पूड आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड अशी पद्धत असते. स्वस्त आहे, झटपट आहे, फ्यूम हूडमध्ये केली तर सुरक्षितही आहे (हायड्रोजन सुटतो, जवळ बर्नर नको). पण कडा वाईट येतात. पुडीचा कण जिथे पडला तिथे जोरात खातं, शेजारी राहून जातं. परिणाम: एचिंग झालेल्या भागात आयटीओची बेटं राहतात आणि पट्टीच्या कडेला दातेरी, उचललेल्या कपच्या. आयटीओ स्वतःच सव्वाशे-दीडशे नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या कडेवरून दीडशे नॅनोमीटरचा पॉलिमर उतरायचा आणि कडेला कपची उभी असेल तर ती पॉलिमरच्या बाहेर डोकं काढणारच. वरून ॲल्युमिनियम आलं की शॉर्ट, आणि तोही पक्का, ६० ओहमवाला.

एचिंगनंतर प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीशी मीटरने तपासा. ओपन नसेल तर पुन्हा एच करा. मग कडा मायक्रोस्कोपखाली बघा. बायोलॉजीवाल्यांचा साधा मायक्रोस्कोपही चालतो, कारण आयटीओ पारदर्शक असला तरी तिरप्या उजेडात कड दिसते. दातेरी असेल तर ओल्या बोटाने नव्हे, ओल्या इअरबडने कडेच्या लांबीच्या दिशेने हलकेच घासा आणि अल्ट्रासॉनिकमध्ये टाका. नेलपॉलिश वापरत असाल तर ॲसिटोन दोनदा बदला. पहिल्या ॲसिटोनमध्ये विरघळलेली नेलपॉलिश काच बाहेर काढताना पुन्हा तिच्यावरच बसते.

खरं सांगायचं तर बजेट असेल तर पॅटर्न केलेलीच काच विकत घ्या. एचिंग हे एक स्वतंत्र छान प्रॅक्टिकल आहे, पण सेलच्या प्रॅक्टिकलच्या गळ्यात ते अडकवायची गरज नाही.

आणखी एक सवय मोडायची आहे. आयटीओची बाजू कुठली हे बघायला मुलं मीटरचे टोकदार प्रोब काचेच्या मधोमध टेकवतात आणि वर खरडतात. तिथेच पिक्सेल येणार असतो. कडेला टेकवा. किंवा बाजू ओळखण्यासाठी काचेचा एक कोपरा डायमंड स्क्राइबने आधीच खूण करून ठेवा, म्हणजे दर टप्प्याला मीटर काढावा लागणार नाही. काच कापायची तीही सफाईच्या आधी. थर दिल्यावर कापली तर काचेची भुकटी थेट थरावर.

सफाईचा क्रम सगळ्यांना पाठ असतो: साबण, डीआय वॉटर (आयन काढलेलं पाणी), ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं अल्ट्रासॉनिक, मग यूव्ही-ओझोन. पाठ नसतं ते हे, की काच नीट साफ झाली का हे पाण्याचा थेंब टाकून कळतं. थेंब पसरला तर पेडॉट बसेल. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुढे जाऊ नका.

पेडॉट-पीएसएस: बाटली, फिल्टर, ग्रेड

इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, बाटली कुठे ठेवली होती. हे पाण्यातलं डिस्पर्शन आहे, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलं की कणांचे गठ्ठे होतात आणि वितळल्यावर ते परत सुटत नाहीत. डिपार्टमेंटच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली बाटलीही गोठते. ओळखायचं कसं? बाटली हळूच तिरकी करा. काचेवरून निळसर पाणी सलग ओघळलं तर ठीक. काचेला बारीक रवा चिकटून राहिला तर ती बाटली डेमोला ठेवा, सेलला नको.

दुसरी, फिल्टर. पेडॉट पाण्यातलं, म्हणून ०.४५ मायक्रॉनचा हायड्रोफिलिक पीव्हीडीएफ फिल्टर. पी३एचटी क्लोरोबेंझीनमधलं, म्हणून पीटीएफई. स्टोअरमध्ये दोन्ही एकाच डब्यात असतात आणि दिसायला जुळे. पीटीएफईतून पेडॉट जात नाही. मुलगा सिरिंजवर जोर लावतो, मग एकदम ‘सुटतं’ आणि सगळ्यांना हायसं वाटतं. ते सुटलेलं नसतं, आतला पडदा फाटलेला असतो. तिथून पुढे पडणारा प्रत्येक थेंब बिनफिल्टरचा. सिरिंज एकाएकी हलकी लागली की तो फिल्टर टाकून द्यायचा, हा नियम करा. पहिले दोन थेंब टिश्यूवर घालवा. आणि काचेवर थेंब सोडताना सिरिंजमधली हवा शेवटी येऊ देऊ नका; बुडबुडा फुटला तिथे थरात भोक राहतं.

तिसरी गोष्ट ग्रेडची, आणि यात अनुभवी माणसंही फसतात, कारण बाहेरून सगळं बरोबर दिसतं. सेलला लागतो तो एआय ४०८३ नावाचा कमी वाहक ग्रेड. परचेसला कोटेशन मागवलं की कधी कधी पीएच १००० येतो, कारण तोही पेडॉट-पीएसएसच आणि तोही निळाच. (इथला ‘पीएच’ हे ग्रेडचं नाव आहे, आम्लतेचा त्याच्याशी संबंध नाही, आम्लधर्मी दोन्ही आहेत.) फरक आकड्यांत बघा. ४०८३ ची रेझिस्टिव्हिटी साधारण १००० ओहम-सेंटिमीटर. ४० नॅनोमीटरच्या थराला हे २५ कोटी ओहम प्रति चौकोन होतात. दोन आयटीओ पट्ट्यांमध्ये २ मिलिमीटरची फट आणि १२ मिलिमीटर लांबी असेल तर पट्ट्यांमध्ये ४ कोटी ओहमच्या आसपास, म्हणजे मीटरच्या दृष्टीने जवळजवळ ओपन. पीएच १००० ची रेझिस्टिव्हिटी बाटलीतून काढल्यावर साधारण १ ओहम-सेंटिमीटर: तीच फट, आता ४० किलोओहम. आणि कुणी हौसेने त्यात ५ टक्के डीएमएसओ (एक सॉल्व्हंट) घातलं असेल तर वाहकता शेकडो पटींनी वाढते आणि आकडा शंभर ओहमच्या घरात येतो. मग शेजारचा एक पिक्सेल शॉर्ट असला की सगळे शॉर्ट दिसतात, आणि नकाशा सांगतो ‘पद्धतीत चूक’.

म्हणून थर देऊन १२०-१४० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं भाजून झाला की शेजारच्या दोन पट्ट्यांमधला रेझिस्टन्स मोजायचा. एक मिनिट लागतं. मेगाओहममध्ये असेल तर पुढे जा. हॉट प्लेटच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. वरच्या पृष्ठभागाला थर्मोकपल लावून एकदा फरक बघून घ्या.

पावसाळ्यात बिघडतं, जानेवारीत चालतं

ऑड सेमिस्टरचं प्रॅक्टिकल जुलैत सुरू होतं आणि कोकण-पुण्याकडे तेव्हा लॅबमधली आर्द्रता सत्तर-ऐंशीच्या घरात असते. सगळा दोष मग पावसावर जातो. थोडं थांबून बघायला हवं, कारण दमट हवेने दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि त्यातली एकच शॉर्ट करते.

पेडॉट-पीएसएस हवेतलं पाणी ओढतं. त्याने सेल कमजोर होतो, लवकर मरतो, वरचं ॲल्युमिनियम आतून खराब होतं. पण कर्व्ह डायोडसारखाच राहतो, फक्त दुबळा. हा शॉर्ट नाही. भाजलेली काच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये थंड करा (जेल निळं असताना, गुलाबी झालेलं नव्हे) आणि थंड झाल्याबरोबर पुढचा थर द्या.

शॉर्ट करतो तो सॉल्व्हंट. क्लोरोबेंझीन १३२ अंशांना उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ ला. क्लोरोबेंझीन संपलंय, ऑर्डर यायला महिना आहे, पी३एचटी क्लोरोफॉर्ममध्येही छान विरघळतं, मग तेच वापरू, असं ठरतं. जानेवारीत ते खपून जातं. जुलैत नाही. क्लोरोफॉर्म इतक्या झपाट्याने उडतं की स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून थर पसरवणारं यंत्र) काचेचा पृष्ठभाग थंड पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर दवासारखं साचतं. थर वाळतो, मग पाण्याचे थेंब उडतात, आणि जिथे थेंब होते तिथे मायक्रॉनच्या मापाचे गोल खड्डे राहतात. धुळीचा दोष असता तर कणामागे धूमकेतूसारखी शेपटी दिसली असती, केंद्रापासून बाहेरच्या दिशेने. इथे शेपटी नसते. नुसत्या डोळ्यांना थर काळपट जांभळा चकचकीत दिसायच्या ऐवजी वाफ धरलेल्या आरशासारखा दिसतो, आणि ४०० पटींच्या मायक्रोस्कोपखाली गोल गोल भोकं. वरून धातू आला की तो या भोकांतून खाली उतरतो. खाली पेडॉट असल्यामुळे आकडा ६० ओहम न येता काही शे ते काही हजार येतो. इथेच तो आकडा लिहून ठेवल्याचा फायदा कळतो.

उपाय सरळ आहे: पावसाळ्यात क्लोरोबेंझीनशिवाय कोट करू नका, किंवा ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन वापरा. क्लोरोफॉर्मच उरलं असेल तर एसी लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबा. काही शे रुपयांचा हायग्रोमीटर स्पिन कोटरच्या शेजारी टांगा आणि त्याचं रीडिंग जर्नलमध्ये कंपल्सरी करा. क्लोरोबेंझीन हळू वाळतं हे खरं. ८००-१००० आरपीएमला मिनिटभर फिरवूनही थर ओलसर वाटला तर पेट्री डिशखाली झाकून ठेवा. सावकाश वाळलेला थर सहसा जास्त चांगला निघतो.

द्रावणाबद्दल एवढंच: पी३एचटीचं द्रावण थंडीत किंवा नुसतं पडून राहिल्याने जेलीसारखं होतं. ५०-६० अंशांवर ढवळत पुन्हा मोकळं करा आणि गरम असतानाच फिल्टर करा. फिल्टरमधून निघालेलं द्रावण आधीपेक्षा फिकट नारिंगी दिसलं तर तुमचा निम्मा पॉलिमर फिल्टरमध्येच अडकला. थर पातळ येणार आणि शॉर्टची शक्यता वाढणार.

पंखा बंद ठेवा. खडूचा फळा असलेल्या खोलीत कोटिंग करू नका. काच वाळवायला हेअर ड्रायर नको, तो धूळच फेकतो. नायट्रोजनची गन नसेल तर स्पिन कोटरवरच फिरवून वाळवा.

वरचा धातू

इव्हॅपोरेटर असेल तर: ॲल्युमिनियमची तार ॲसिटोनने पुसून घ्या, शटर बंद ठेवून आधी पूर्ण वितळू द्या. शटर घाईने उघडलं की फिलामेंटमधून धातूचे बारीक गोळे उडतात आणि ते थराला भेदतात. सुरुवातीचे दहा नॅनोमीटर सेकंदाला ०.१ च्या वेगाने, मग वाढवा. एकूण ८०-१०० पुरे. मास्क काचेला चिकटून बसलाय का बघा.

इव्हॅपोरेटर नसेल तर सिल्व्हर पेस्टच्या मोहात पडू नका. पेस्टमधलं सॉल्व्हंट थरात शिरतं आणि चांदी त्याच्यामागोमाग. गॅलियम-इंडियमचं युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, वजनाने ७५.५ आणि २४.५ टक्के) साडेपंधरा अंशांच्या वर द्रवच असतं, त्याचं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ॲल्युमिनियमच्या जवळचं आहे, आणि सिरिंजच्या जाड सुईने थेंब सोडता येतो. कॅप्टॉन टेपला (उष्णता सोसणारी पिवळसर चिकटपट्टी) पंचने ३ मिलिमीटरचं भोक पाडून तो थरावर चिकटवला की थेंब पसरत नाही आणि क्षेत्रफळही ठरून मिळतं, ७ चौरस मिलिमीटर. यातला शॉर्ट जवळजवळ नेहमी तारेचा: थेंबात बुडवलेली तार खाली थरापर्यंत जाते आणि खरडते. तारेचं टोक वाकवून गोल करा, स्टँडला क्लॅम्प करा आणि थेंबाच्या माथ्याला टेकेल एवढंच खाली आणा.

एक धोक्याची सूचना: हा धातू ॲल्युमिनियमला खातो. हॉट प्लेटच्या ॲल्युमिनियमच्या तव्यावर किंवा स्पिन कोटरच्या चकवर थेंब सांडला तर लगेच पुसा, नाहीतर तो भाग ठिसूळ होऊन तुकडे पडतात.

अर्धवट शॉर्ट: दिव्याखाली मेलेला, उन्हात जिवंत

कधी कधी डायोड दिसतो, पण टेबल लॅम्पखाली व्होल्टेज काहीच येत नाही आणि मुलं त्याला शॉर्ट म्हणून टाकून देतात. ४ चौरस मिलिमीटरचा पिक्सेल पूर्ण उन्हात चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपियर देत असेल तर त्याचा स्वतःचा करंट ०.२ मिलिअँपियर. समांतर १ किलोओहमची गळती असेल तर व्होल्टेज ०.२ च्या वर जाऊच शकत नाही. उजेड उन्हाच्या विसाव्या भागाइतका केला की करंट १० मायक्रोअँपियर आणि व्होल्टेज १० मिलिव्होल्ट. चांगला सेल एवढ्या फरकाने फक्त शंभरेक मिलिव्होल्ट खाली येतो, अर्ध्या व्होल्टवरून पॉइंट चारवर. म्हणून जिग आणि मल्टिमीटर घेऊन खिडकीतल्या उन्हात जा, आणि परत लॅम्पखाली या. व्होल्टेज उजेडाच्या पटीत पडलं तर गळती आहे. थोडंच पडलं तर सेल ठीक आहे.

अशी गळती कधी कधी जाळता येते. ॲल्युमिनियमच्या सेलला उलट्या दिशेने शून्यापासून उणे चार व्होल्टपर्यंत हळूहळू न्या, करंटची मर्यादा १०-२० मिलिअँपियर. मध्येच करंट धपकन पडला तर दोषाभोवतीचं ॲल्युमिनियम उडालं आणि पिक्सेल वाचला. ६० ओहमच्या पक्क्या शॉर्टला हे लागू पडत नाही, आणि गॅलियम-इंडियमला तर मुळीच नाही, कारण द्रव पुन्हा तिथेच वाहतो. जाळलेल्या पिक्सेलवर वहीत खूण करा. त्याचे आकडे इतरांच्या सरासरीत मिसळू नयेत.

दोन तासांच्या स्लॉटमध्ये बसवायचं कसं

सगळं एका दुपारी उरकायच्या घाईत तपासण्या वगळल्या जातात, म्हणून तीन आठवडे वाटून घ्या. पहिल्या आठवड्याला एचिंग, सफाई आणि पट्ट्यांची तपासणी. या काचा कितीही दिवस राहतात, फक्त पुढच्या वेळी अल्कोहोल आणि यूव्ही-ओझोन पुन्हा द्यायचं. दुसऱ्या आठवड्याला पेडॉट आणि पी३एचटी एकाच बैठकीत. पेडॉट देऊन आठवडाभर ठेवू नका. पी३एचटी दिलेली काच डेसिकेटरमध्ये, काळ्या कागदात गुंडाळून ठेवली तर प्रॅक्टिकलपुरती चालते. उजेड आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की मात्र हा पॉलिमर खराब होतो. तिसऱ्या आठवड्याला धातू, ११०-१४० अंशांवर दहा मिनिटं ॲनीलिंग, म्हणजे काच तापवून ठेवणं (गॅलियम-इंडियम असेल तर ॲनीलिंग आधी, थेंब नंतर) आणि मोजणी.

चार ग्रुप असतील तर तीन ग्रुपना एकेक दोष मुद्दाम द्या: एकाला बिनफिल्टरचं पेडॉट, एकाला दातेरी कडेची काच, एकाला पिनेखाली आयटीओ असलेला मास्क. चौथ्याला सगळं बरोबर. कुणाला काय दिलंय ते सांगू नका. मोजणीनंतर काचा आपसांत बदला आणि दुसऱ्या ग्रुपचा दोष फक्त आकडा, नकाशा आणि मायक्रोस्कोप यांवरून ओळखायला लावा. व्हायवाचे प्रश्न त्यातूनच निघतात आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये त्यांची उत्तरं नसतात.

क्लोरोबेंझीन आणि क्लोरोफॉर्मचं वेस्ट सिंकमध्ये नाही, हॅलोजनच्या वेगळ्या बाटलीत. ॲसिटोन त्यात ओतू नका. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र ठेवणं धोक्याचं आहे, थोडाही अल्कली मिळाला तर मिश्रण तापतं. बाटलीवर मार्करने नाव लिहा.